फुंक कुठून आणायची?

तुर्भ्यात राहणाऱ्या माणसाला एखादे जुने वाद्य घरी घडवून पाहायचे असेल, तर साहित्याची फारशी अडचण पडत नाही. नळसामानाच्या दुकानात पीव्हीसीचा पाइप हव्या त्या जाडीचा आणि लांबीचा कापून मिळतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीत लेथवर काम करणारे छोटे कारखाने आहेत. तिथे पितळेचा तुकडा मापाबरहुकूम कातून घेता येतो. अडते ते दोन ठिकाणी. बाजार समितीच्या भाजीपाला आवारात रोज पहाटे दुधी उतरतो, पण तो या कामाचा नाही. वाद्याचा भोपळा वेलावरच पिकून, वाळून, आतल्या बिया खुळखुळेपर्यंत राहावा लागतो आणि बाजारात येतो तो कोवळा. दुसरी अडचण बांबूची. मांडवाला आणि शिड्यांना विकतात तो बांबू जाड भिंतीचा असतो, आपल्या डोंगरातला मानवेल तर बहुतेक भरीवच. बासरी करणारे आसामकडच्या बांबूवर अवलंबून असतात, कारण त्याची पेरे लांब आणि भिंत पातळ असते.

म्हणजे वस्तू जमवता येते. प्रश्न त्यापुढचा आहे. शेकडो वर्षांपूर्वीचे सुषिर वाद्य, म्हणजे फुंकून वाजवायचे वाद्य, आज घरी केले तर त्यातून निघणारा आवाज खरोखर त्या काळचा असतो का? आणि असा उद्योग करावा का? माझे मत आधीच सांगतो. जरूर करावा. पण नळी, छिद्रे आणि कर्णा मिळून वाद्य अर्धेच होते. उरलेले अर्धे वाजवणाऱ्याच्या ओठांत, गालांत, बोटांत आणि श्वासात असते. ते अर्धे माप घेऊन करता येत नाही, शिकावे लागते. महाराष्ट्रात जुन्या वाद्याचे लिखित वर्णनही आहे आणि जुने वाद्य आजही वाजवणारी माणसेही आहेत. दोन्ही इतक्या जवळ असताना आपण या कामाला चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतो, असे मला वाटते.

आधी ग्रंथाकडे जाऊ. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, राजा सिंघणाच्या काळात, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे आणि तो स्वतः राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख होता. ग्रंथाच्या सात अध्यायांपैकी सहावा वाद्याध्याय. त्यात वंश, म्हणजे आडवी बासरी, आहेच. शिवाय पावा, मुरली, मधुकरी, काहला, शृंग, शंख अशी सुषिर वाद्यांची रांग आहे. गणेश हरी तारळेकरांनी हा ग्रंथ मराठीत आणल्यामुळे संस्कृत न येणाऱ्या वाचकालाही ती वर्णने वाचता येतात. घरी वाद्य करणाऱ्याने सुरुवातीला वाचावे असे यापेक्षा चांगले पुस्तक मला माहीत नाही.

वंशाबद्दल शार्ङ्गदेव नेमके सांगतो. तो बांबूचा, खैराचा, चंदनाचा, हस्तिदंताचा, लोखंडाचा, काशाचा, रुप्याचा किंवा सोन्याचाही चालतो. आतली पोकळी करंगळीएवढी हवी. फुंकायचे छिद्र आणि त्यानंतरचे पहिले स्वरछिद्र यांत किती अंगुळे अंतर आहे, त्यावरून वंशाचे प्रकार ठरतात: एक अंगुळाचा एकवीर, दोनचा उमापती, तीनचा त्रिपुरुष, चारचा चतुर्मुख, सहाचा षण्मुख, अकराचा रुद्र, बाराचा आदित्य, असे अठरा अंगुळांपर्यंत. नावातच आकडा असल्याने शिष्याला पाठ करायला सोपे. बांबूपासून सोन्यापर्यंत काहीही चालते म्हणणारा हा ग्रंथकार पीव्हीसीलाही हरकत घेणार नाही, असे मी मानतो. भौतिकशास्त्रही त्याच्याच बाजूने आहे. बासरीत थरथरतो तो आतल्या हवेचा स्तंभ. भिंत गुळगुळीत, टणक आणि हवाबंद असली की ती कशाची आहे याने आवाजात फार थोडा फरक पडतो.

मग अडचण कुठे येते? मापातच. अंगुळ म्हणजे किती? जुन्या मोजमापांचे अभ्यासक ते साधारण १७ ते १९ मिलिमीटरच्या दरम्यान धरतात. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, पण १७ आणि १९ मध्ये जवळजवळ १२ टक्क्यांचे अंतर आहे आणि लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर सुमारे ६ टक्क्यांचे असते. अंगुळ बदलले की सगळे वाद्य दोन पट्ट्या वर किंवा खाली सरकते. करंगळीचेही तसेच, १२ मिलिमीटरचीही असते, १५ चीही. तेव्हा ‘संगीतरत्नाकरातला आदित्य वंश अमुक पट्टीचा होता’ असे कोणी ठासून सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. त्या काळी वाद्य वाजवणाऱ्याच्याच हाताच्या मापाने होत असेल तर एक ठराविक पट्टी शोधणेच व्यर्थ आहे.

तरीही माप लावून पाहिल्याने काही गोष्टी उघड होतात. अठरा अंगुळांच्या वंशात फुंकेपासून पहिल्या बोटापर्यंतचे अंतर ३१ ते ३४ सेंटिमीटर येते. आजच्या मैफलीतल्या पांढरी तीनच्या (पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीला षड्ज असलेल्या) मोठ्या बासरीतही ते जवळपास तेवढेच असते. पण आजच्या त्या बासरीची पोकळी २० मिलिमीटरच्या आसपास, शार्ङ्गदेवाची करंगळीएवढी. लांब आणि अरुंद नळीत खालचे स्वर दुबळे निघतात आणि वरच्या सप्तकात आवाज चटकन उडी घेतो. म्हणजे त्या काळचा मोठा वंश आजच्यासारखा मंद्रात घुमत नसणार. त्याचा भर वरच्या स्वरांवर असणार. हा अंदाज नळी हातात घेऊन फुंकल्याशिवाय येत नाही. घरी केलेल्या प्रतिकृतीची खरी किंमत मला इथे वाटते. उलट टोकाचा एकवीर केला तर हाती येते ती कर्कश शिट्टी.

आता एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात बासरीवरचा अध्याय अगदी छोटा आहे आणि त्यात नळीच्या मापापेक्षा बोटाला जास्त महत्त्व आहे. बोट पूर्ण उचलले की चार श्रुतींचा स्वर (श्रुती म्हणजे सुरांमधले सूक्ष्म अंतर), बोट छिद्रावर थरथरते ठेवले की तीन श्रुतींचा, अर्धे उघडले की दोन श्रुतींचा. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथकाराला कळले होते की बासरी बोटाने सुरात येते, छिद्राने नव्हे. पाइपवर मिलिमीटरचा दशांश मोजत बसणाऱ्याने हे आधी वाचावे. छिद्र थोडे इकडे-तिकडे झाले तर बोट आणि ओठ ते सांभाळून घेतात. बोटाला ज्ञान नसेल तर अचूक छिद्रही बेसूर वाजते.

इथे आजच्या बासरीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण ‘जुनी भारतीय बासरी’ म्हणून अनेकजण जी करतात ती तितकी जुनी नाही. मैफलीतल्या लांब बासरीचे श्रेय पन्नालाल घोष यांना जाते. ते १९११ मध्ये आताच्या बांगलादेशातल्या बारिसालला जन्मले, १९४० मध्ये मुंबईत आले, ‘बसंत’सारख्या चित्रपटाला त्यांनी संगीत दिले. ख्याल गाता यावा एवढा खोल आवाज हवा म्हणून त्यांनी निरनिराळ्या वस्तूंच्या नळ्या करून पाहिल्या आणि अखेर ३२ इंची बांबूवर स्थिरावले. तीव्र मध्यमासाठी सातवे छिद्रही घेतले. पुण्याच्या केशव गिंड्यांनी पुढे ‘केशव वेणू’ करून आवाका आणखी वाढवला. हे सगळे प्रयोगच होते, तेही हाताने केलेले. पण ती विसाव्या शतकातली वाद्ये आहेत. जो आजची सहा छिद्रांची लांब बासरी करून तिला कृष्णाच्या किंवा यादवांच्या काळची म्हणतो, तो फसतो.

पाइपची बासरी करणाऱ्यासाठी हिशेब सोपा आहे. दोन्ही टोकांनी उघड्या नळीत हवेची अर्धी लहर मावते. उन्हाळ्याबाहेरच्या दिवसांत आवाजाचा वेग सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास धरावा. पांढरी तीनच्या बासरीत सगळी बोटे बंद असताना मंद्र पंचम येतो, सुमारे २४७ हर्ट्झचा. त्याची अर्धी लहर ७० सेंटिमीटर. टोकाबाहेर आणि फुंकेच्या छिद्राशी हवा थोडी जास्त हलते, म्हणून तेवढे वजा करून फुंकेपासून टोकापर्यंत ६५ सेंटिमीटरच्या आसपास लांबी ठेवावी. नळी आधी थोडी लांबच कापावी आणि सूर जुळेपर्यंत कमी करत जावे. कापलेले परत जोडता येत नाही. छिद्रेही लहान पाडून मग कानशीने वाढवावीत. आणि हवामान विसरू नये. तापमान १० अंशांनी वाढले की आवाजाचा वेग पावणेदोन टक्क्यांनी वाढतो, म्हणजे सूर लगतच्या पट्टीच्या दिशेने जवळपास तिसरा हिस्सा चढतो. जानेवारीच्या पहाटे लावलेली बासरी मेच्या दुपारी तंबोऱ्याशी जुळणार नाही.

एक सूचना मात्र कळकळीने करतो. बांबूला छिद्र पाडताना कारागीर लाल तापलेली सळई वापरतात, कारण गिरमिटाने बांबू चिरतो. ती रीत पीव्हीसीवर मुळीच वापरू नये. पीव्हीसी जळला की हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, तो फुफ्फुसाला घातक आहे. पाइपला ड्रिल आणि कानसच वापरावी, भुसा फुंकू नये, नळी धुऊन मगच ओठांना लावावी. मुलांबरोबर हे काम करणाऱ्या शिक्षकांनी तर हे आधी सांगावे.

चित्रे आणि शिल्पे यांच्यावरून वाद्य करणे ग्रंथावरून करण्याहून अवघड. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या नृत्यप्रसंगात बासरीवादक आहेत, औरंगाबादच्या सातव्या लेण्यात नर्तकीभोवती वादिका आहेत. तारळेकर दांपत्याने भारतीय शिल्पांतल्या वाद्यांवर १९७२ मध्ये पुस्तकच लिहिले. चित्रावरून वाद्य कसे धरत, कोणाच्या शेजारी बसून वाजवत, बायका वाजवत की पुरुष, हे कळते. पण चित्रकाराला रेषेचा तोल हवा असतो, छिद्रांचे अंतर नको असते, आणि पोकळी तर दिसतच नाही. त्यामुळे शिल्पावरून केलेल्या वाद्याला प्रतिकृती म्हणू नये, कल्पना म्हणावे.

जगात या कामाचा अनुभव मोठा आहे आणि तो माझ्या म्हणण्याला दुजोरा देतो. तुतनखामेनच्या थडग्यात दोन तुताऱ्या सापडल्या, एक रुप्याची, एक तांब्याच्या मिश्रधातूची. १९३९ मध्ये कैरोहून बीबीसीने त्यांचा आवाज जगाला ऐकवला. जेम्स टॅपर्न या ब्रिटिश लष्करी वादकाने त्या वाजवल्या. वाद्य अस्सल होते, पण त्याने आजच्या तुतारीचे मुखपत्र लावून, आजच्या लष्करी पद्धतीने फुंकले. जे ऐकू आले त्यातला इजिप्तचा भाग कोणता आणि इंग्लंडचा कोणता, हे सांगता येत नाही. शिवाय अस्सल ठेवा असा फुंकणे धोक्याचेच. जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत २००८ मध्ये गिधाडाच्या हाडाची पाच छिद्रांची बासरी सापडली, सुमारे ३५ ते ४० हजार वर्षांपूर्वीची. तिच्या प्रतिकृती झाल्या आणि ती एकापेक्षा अधिक पद्धतींनी फुंकता येते हे कळले. पद्धत बदलली की स्वर बदलतात. नळी तीच, संगीत वेगळे. (गिधाड आपल्याकडे संरक्षित आहे, त्याच्या हाडाचा विचारही कोणी करू नये. त्या मापाची बारीक नळी अभ्यासाला पुरते.)

स्कॉटलंडमध्ये डेस्कफर्डला १८१६ मध्ये कार्निक्स नावाच्या, प्राण्याच्या तोंडाचा आकार असलेल्या रणशिंगाचा भाग सापडला होता. १९९३ मध्ये त्याची पूर्ण प्रतिकृती झाली आणि जॉन केनी या ट्रॉम्बोनवादकाने ती वाजवायला घेतली. सांचीच्या उत्तर तोरणावर स्तूपाची पूजा करणारे परदेशी वेशातले लोक कोरले आहेत. त्यांच्या हातांत जोडबासरी आहे आणि अशीच प्राणिमुखी शिंगे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी ही वाद्ये आपल्या कारागिरांच्या डोळ्यांसमोर होती. त्याहून महत्त्वाचे उदाहरण अलीकडचे. बिली ओ फोग्लू या आयरिश संशोधकाने आयर्लंडच्या प्राचीन शिंगांचा विचार करताना केरळच्या देवळांतल्या कोंबूवादकांकडे पाहिले, कारण तशा घडणीचे शिंग तिथे आजही जिवंत आहे. युरोपातल्या माणसाला आपल्या मेलेल्या वाद्याची फुंक शोधायला भारतात यावे लागते. आपल्याला तर फार लांब जायचे नाही.

शिंग आणि तुतारी यांच्याकडे घरी करणाऱ्याने सावधपणे पाहावे. तांब्या-पितळेचा पत्रा वळवून, झाळून कर्णा करणे हे तांबटाचे काम आहे, स्वयंपाकघराच्या ओट्यावर होण्यासारखे नाही. पण तत्त्व समजून घेण्यासाठी जाड पुठ्ठ्याचा लांब शंकू पुरतो. शार्ङ्गदेव काहला या कर्ण्यासारख्या वाद्याची लांबी तीन हात सांगतो आणि तोंड धोत्र्याच्या फुलासारखे. हात साधारण ४५ सेंटिमीटरचा धरला तर लांबी १ मीटर ३५ सेंटिमीटर. अशा शंकूतून १२८ हर्ट्झचा मूळ स्वर आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असेच स्वर निघतात. छिद्रे नाहीत, म्हणून मधले काही नाही. तुतारी तेवढ्याच मोजक्या स्वरांवर का झेप घेते, ते या पुठ्ठ्याच्या नळीवर अर्ध्या तासात कळते. ओठ मात्र चांगलेच दुखतात, आणि लग्नात किंवा गडावर तुतारी फुंकणाऱ्याबद्दलचा आदर वाढतो.

सनई, सोलापूरच्या जाधव घराण्याने मैफलीत नेलेली सुंदरी, नंदुरबारकडची पावरी, यांतल्या प्रत्येकावर स्वतंत्र लिहिता येईल. सनईसारख्या वाद्यांत सगळा प्राण पातीत, म्हणजे फुंकताना थरथरणाऱ्या जिभेत, असतो आणि पात करणे ही वेगळी विद्या आहे. मी इथे थांबतो तो तारप्यापाशी, कारण या सगळ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे दिसते.

तारपा वारली, कोकणा, मल्हार कोळी अशा समाजांचा. वाळवलेला दुधी भोपळा, त्याच्या एका टोकाला फुंकायला वाट, दुसऱ्या टोकाला शेजारी शेजारी बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांच्या आतल्या टोकाला बांबूचीच चिरून केलेली जीभ, खाली ताडाची पाने गुंडाळून केलेला कर्णा, आणि सगळे सांधे मधमाशीच्या मेणाने बंद. यात विकत घेण्यासारखे जवळजवळ काही नाही. भोपळा कुडावर वाढतो, बांबू आणि ताड रानात, मेण पोळ्यात. भोपळा हवेची पिशवी म्हणून काम करतो, आणि वाजवणारा गालांत हवा साठवून, ती बाहेर ढकलता ढकलता नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाही. भात पिकू लागल्यापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत तारप्याचे दिवस. तारपकरी मध्ये, त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेत हात घातलेल्या नाचणाऱ्यांची गुंडाळत जाणारी रांग. तो वळेल तशी ती वळते, तो चाल बदलेल तशी पावले बदलतात. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांमुळे हा नाच जगभरच्या भिंतींवर गेला. चित्र सगळ्यांना ओळखीचे आहे, त्याच्या मध्यभागी उभ्या वाद्याचा आवाज मात्र किती जणांनी ऐकला आहे?

जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ ची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ते नव्वदीत होते. तारपा त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांचा. स्वतः करायचा आणि स्वतःच वाजवायचा, ही त्या परंपरेची रीत. घडवणारा आणि फुंकणारा एकच असल्यामुळे जीभ किती पातळ तासायची हे तो ओठांनी ठरवतो, फुटपट्टीने नाही. शार्ङ्गदेवाच्या अंगुळाबद्दल आपल्याला जो पेच पडतो, तो इथे पडतच नाही, कारण माप माणसात आहे. ग्रंथातली जी गोष्ट आपण हिशेबाने गाठू पाहतो, ती जव्हार, विक्रमगड, डहाणूच्या पाड्यांवर अजून चालू आहे. आणि ती संपली तर पुढे तारप्याच्याही प्रतिकृती कराव्या लागतील. तेव्हा भोपळ्याचे माप संग्रहालयात मिळेल, पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुनी वाद्ये जशी काचेआड आहेत तसे, पण गाल फुगवून नाकाने श्वास घेताना सूर कसा धरायचा हे कोणी सांगणारे नसेल.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या शिकलगार कारागिरांच्या त्या कलेमागे दीडशेहून अधिक वर्षे गवयांचा आणि रसिकांचा पैसा होता. वाद्य गिऱ्हाइकावर जगते. फुंकवाद्यांच्या गावोगावच्या कारागिरांना ते गिऱ्हाईक शहरातूनच मिळू शकते. घरी प्रतिकृती करणाऱ्या हौशी माणसाने कारागिराचे गिऱ्हाईक व्हावे. त्याची नक्कल करून त्याचा धंदा बुडवू नये.

म्हणून तुर्भ्यात किंवा आणखी कुठे हे काम हाती घेणाऱ्याला माझे सांगणे असे. पाइपची बासरी करा, शार्ङ्गदेवाची मापे लावून पाहा, पुठ्ठ्याची काहला फुंका. त्याने कान आणि समज तयार होते. इमारतीत सराव दिवसा करा किंवा पारसिक डोंगराच्या पायथ्याशी जा, कारण ही वाद्ये उघड्या रानासाठी आहेत. पण तारपा करायचा असेल तर भोपळा कापण्याआधी ठाण्याहून जव्हारची एसटी पकडा. तिथल्या तारपकऱ्याकडून एक तारपा त्याच्या सांगितल्या किमतीला घ्या, फुंकायला शिकण्याचेही पैसे द्या, आणि त्याची परवानगी घेऊन जीभ तासताना, मेण लावताना आणि श्वास घेताना त्याचे चित्रण करून ठेवा. स्वतः करायच्या दुसऱ्या तारप्याला हात नंतर लावा, आणि तो कोणाकडून शिकलात त्याचे व त्याच्या पाड्याचे नाव वाद्यावर लिहा.